मुलगी व्हीएफएक्स प्रोड्युसर व्हायचं म्हणते. हे काम नक्की काय असतं?

साखळीकर
नमस्कार मंडळी. माझी मुलगी पणजीला बी.कॉम. झाली. कॉलेजात असताना इफ्फीला (गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला) स्वयंसेवक म्हणून जायची, तिथल्या ओळखींतून शूटिंगच्या कामात शिरली. सध्या गोव्यात येणाऱ्या जाहिराती आणि वेबमालिकांच्या युनिटबरोबर प्रॉडक्शन असिस्टंट आहे. गाड्या, जेवणं, कॉलशीट (कुणी कधी कुठे यायचं त्याचं पत्रक), पेटी कॅशचा हिशेब, सगळं नीट सांभाळते. आता मुंबईच्या एका व्हीएफएक्स (व्हिज्युअल इफेक्ट्स, म्हणजे चित्रपटाची दृश्यं कॉम्प्युटरवर घडवणं-बदलणं) स्टुडिओतून कोऑर्डिनेटरची नोकरी चालून आली आहे आणि पुढे व्हीएफएक्स प्रोड्युसर व्हायचं असं ती म्हणते.

आमच्या घरात सगळे शिक्षक नाहीतर बँकवाले. सिनेमातलं कुणी नाही. तिला चित्र काढता येत नाही, कॉम्प्युटरवर ती ग्राफिक्सही करत नाही. मग या क्षेत्रात ती करणार काय? मोठमोठे स्टुडिओ बंद पडल्याच्या बातम्या वाचल्या, एआयचंही रोज ऐकतो. मुलीला अडवायचं नाही, पण डोळे मिटून पाठवायचंही नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

जुनासेट
साखळीकर, मी पणजीत लाइन प्रॉडक्शन करतो, म्हणजे बाहेरून येणाऱ्या युनिटांना लोकेशन, परवाने, माणसं जमवून देतो. तुमची मुलगी आज जे करते त्यातलं निम्मं तिला तिथे थेट उपयोगी पडणार आहे, हे आधी सांगतो. इथे एखादं लोकेशन मिळवायचं तर एंटरटेनमेंट सोसायटी, पंचायत, कॅप्टन ऑफ पोर्ट्स (बंदर खातं), कुठे पुरातत्त्व खातं, अशा चार दारांतून जावं लागतं. ज्याला हे जमतं त्याला माणसं सांभाळता येतात. बाकीचं मांडवीतीर ताईंनी लिहावं, त्यांची उभी हयात त्यात गेली आहे.

मांडवीतीर
साखळीकर, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. पालक सहसा "स्कोप आहे का" एवढंच विचारतात, काम काय ते विचारत नाहीत. मी मुंबईत आणि काही काळ लंडनमध्ये हे काम केलं, आता पर्वरीत राहून करते. जरा लांबण लागेल.

व्हीएफएक्सच्या प्रत्येक मोठ्या कामावर दोन माणसं जोडीने असतात. सुपरवायझर चित्राची जबाबदारी घेतो: हे पाणी खरं वाटतंय का, प्रकाश जुळतोय का. प्रोड्युसर वेळ, पैसा आणि माणसं यांची जबाबदारी घेतो. स्वतःचा पैसा तो लावत नाही, दुसऱ्याचा पैसा आणि दुसऱ्यांचे दिवस त्याच्या हाती दिलेले असतात. म्हणून तुमच्या मुलीला चित्र काढता येत नाही याची काळजी सोडा. तिला चित्र बघता मात्र यायला हवं. शॉट समोर आला की यात किती काम दडलंय हे ओळखणं हीच या पेशातली खरी विद्या, आणि ती शिकता येते.

कामाची सुरुवात पटकथेपासून होते. पटकथा हातात आली की एकेक प्रसंग वाचून कुठे काय करावं लागेल याची फोड करायची. "नायिका होडीतून नदी ओलांडते" या एका ओळीत काय काय आहे? होडी खरी की नाही, पलीकडचा काठ आजचा चालेल का, दिवस की रात्र, कॅमेरा हलतोय का. यातून शॉटची यादी बनते आणि तिच्यावरून बिड, म्हणजे कामाचा अंदाजी भाव. भाव काढायचा तो मनुष्य-दिवसांत. ट्रॅकिंगला (कॅमेऱ्याची हालचाल कॉम्प्युटरवर जुळवणं) किती दिवस, रोटोला (फ्रेममागून फ्रेम आकृती कापून वेगळी करणं) किती, पेंटला (नको ते पुसणं) किती, कम्पोझिटिंगला (सगळे थर एका चित्रात जुळवणं) किती. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चालतो, म्हणजे चार सेकंदांचा शॉट ९६ फ्रेमचा. एडिट थोडं सरकलं तर हाताशी असावा म्हणून दोन्ही टोकांना आठ-आठ फ्रेमचा जादा भाग धरला तर ११२. नायिकेचे वाऱ्यावर उडणारे केस मागच्या दृश्यापासून वेगळे करायचे तर कुणीतरी या ११२ फ्रेम निगुतीने बघणार आहे. पडद्यावर चार सेकंद दिसणाऱ्या गोष्टीमागे एका माणसाचा अख्खा आठवडा जाऊ शकतो.

शूटिंग झाल्यावर एडिटकडून शॉट कामाला सुटतात. मग रोजच्या रोज डेलीज, म्हणजे सगळ्यांनी बसून कालचं काम बघायचं. सुपरवायझर शेरे सांगतो, कोऑर्डिनेटर ते टिपून संध्याकाळच्या आत योग्य आर्टिस्टकडे पोचवते. आवृत्ती एक, दोन, सात, बारा. मधेच एडिट बदलतं, शॉट लांबतो, नवे येतात, काही ओमिट होतात, म्हणजे गळतात. शॉटचे नंबर दहा-दहाच्या अंतराने देतात ते त्यासाठीच, ०१० आणि ०२० च्या मधे नवा शॉट घुसवायला जागा राहते. कुठला शॉट कुठे अडलाय हे ज्या क्षणी विचारतील त्या क्षणी माहीत असणं हे कोऑर्डिनेटरचं काम. तुमच्या मुलीची सुरुवात इथून होईल, आणि मी सांगते, याहून चांगली शाळा नाही.

पायऱ्या साधारण अशा: प्रॉडक्शन असिस्टंट किंवा सेटवर डेटा रँगलर (शूटिंगच्या वेळी कॅमेरा-प्रकाशाच्या नोंदी ठेवणारा), मग कोऑर्डिनेटर, प्रॉडक्शन मॅनेजर, असोसिएट प्रोड्युसर, प्रोड्युसर. नावं स्टुडिओगणिक थोडी बदलतात. प्रोड्युसर झाल्यावर दोन वाटा फुटतात. एक स्टुडिओकडची, म्हणजे काम घेणाऱ्यांची. दुसरी चित्रपटाकडची, म्हणजे काम देणाऱ्यांची. दुसऱ्या वाटेवरचा माणूस दिग्दर्शकाबरोबर पहिल्या दिवसापासून असतो आणि एकाच चित्रपटाचं काम पाच-सहा स्टुडिओंत वाटून देतो. दोन्हीकडे काम केलेला प्रोड्युसर मला नेहमी जास्त भरवशाचा वाटतो, कारण टेबलाच्या दोन्ही बाजूंची गरज त्याला कळते.

रोटोवाला
ताईंचं सगळं मान्य, पण दुसरी बाजूही कुणीतरी लिहायला हवी. मी रोटोपासून सुरुवात केली, आता मुंबईत कम्पोझिटर आहे. ज्या कामांत आमच्या रात्री गेल्या, त्यांतल्या बहुतेक ठिकाणी मूळ गोष्ट एकच होती: काम मिळावं म्हणून भाव पाडून बिड केलेलं. साठ दिवसांचं काम चाळीसमध्ये कबूल करायचं आणि उरलेले वीस आमच्या रविवारांतून काढायचे. हे आकडे लिहिणारा माणूस प्रोड्युसर असतो. साखळीकर काका, मुलीला जरूर पाठवा, पण ती त्या खुर्चीत बसेल तेव्हा एका आकड्याने पन्नास घरांच्या दिवाळ्या ठरतात हे तिला आजच सांगा.

मांडवीतीर
रोटोवाला, तुमच्या शब्दाशब्दाशी सहमत. मला या धाग्यावर मुख्य म्हणजे हेच सांगायचं आहे. प्रोड्युसरच्या कामाचा कणा खरा आकडा वेळेवर सांगण्यात आहे. सुरुवातीला सांगितलेला मोठा आकडा फार तर एक काम घालवतो. दडवलेला आकडा माणसं झिजवतो आणि शेवटी कंपनीही.

याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण आहे. ऱ्हिदम अँड ह्यूज हा लॉस एंजेलिसचा १९८७ पासूनचा नावाजलेला स्टुडिओ. मुंबई-हैदराबादेतही त्यांच्या शाखा होत्या, आपली कितीतरी मुलं तिथे तयार झाली. 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ मुख्यतः त्यांनी केला. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेला त्या चित्रपटाला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. त्या संध्याकाळी सभागृहाबाहेर व्हीएफएक्सवाले निदर्शनं करत होते. कारणं एकापेक्षा जास्त होती. पण या धंद्यात काम ठरलेल्या रकमेला घेतलं जातं आणि चित्रपट पुढे ढकलला तरी पगार दर महिन्याला द्यावेच लागतात, हे दुखणं तेव्हा जगासमोर आलं. लंडन, व्हँकुव्हर, माँट्रियल इथली सरकारं करसवलती देतात, काम तिकडे सरकतं, आणि भाव पाडण्याची चढाओढ आणखी वाढते.

म्हणून कोऑर्डिनेटर असल्यापासून एक सवय लावायची. बिडमध्ये लिहिलेले दिवस आणि प्रत्यक्ष लागलेले दिवस, दोन्ही शेजारी शेजारी नोंदवत जायचं. शॉटचा प्रकार, कॅमेरा कसा होता, अडलं कुठे, सगळं. पुढे प्रोड्युसर म्हणून भाव सांगायची वेळ येते तेव्हा हा कागद तुमच्या बाजूने बोलतो. आणि बदल आला, शॉट लांबला, दिग्दर्शकाला आभाळ दुसरं हवं झालं, की त्याच दिवशी वाढीव कामाचा कागद करून सही घ्यायची. "नंतर बघू" म्हणालात की तो खर्च तुमच्या आर्टिस्टने भरला असं समजा.

जुनासेट
आता इथलं उदाहरण देतो, म्हणजे साखळीकरांना डोळ्यांसमोर येईल. गोवा मुक्तीच्या आधीची पणजी दाखवायची आहे असं म्हणून गोव्यात येणारे दिग्दर्शक पुष्कळ. मांडवीचा काठ सगळ्यांना हवा. पण १९६१ च्या आधी मांडवीवर पूलच नव्हता! पलीकडच्या काठावर बेतीला जायचं तर फेरी नाहीतर होडी. पहिला पूल १९७० च्या सुमाराचा, तो ५ जुलै १९८६ ला कोसळला. आज काठावर उभं राहिलात तर नदीवर पुलांची रांग, त्यात २०१९ चा अटल सेतू सगळ्यांच्या डोक्यावर, आणि पात्रात कॅसिनोच्या बोटी. रात्री तर त्यांचे दिवे पाण्यात शंभर मीटर पसरलेले. हे सगळं चित्रातून काढायचं.

दिग्दर्शक म्हणतो, "व्हीएफएक्सवाले काढतील की." काढतील हो, पण कसं शूट केलं त्यावर सगळं आहे.

मांडवीतीर
जुनासेट दादांनी नेमकी नस पकडली. यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

समजा असे ४० शॉट आहेत. कॅमेरा हातात धरलेला, होडीतून होडीचं दृश्य, नायिकेचे केस मोकळे. ट्रॅकिंगला एक दिवस, केस आणि वल्हेकऱ्यांच्या रोटोला तीन, पूल आणि बोटी पुसून मागचा काठ नव्याने रंगवायला दोन, कम्पोझिटिंगला दोन. शॉटमागे आठ दिवस, एकूण ३२०. आता तेच दृश्य काठावरून, कॅमेरा तिवईवर पक्का, चौकट थोडी वळवून समोरच्या तीरावरच्या रेईश मागूशच्या बाजूला घेतली आणि कलाकारांविना त्याच चौकटीची क्लीन प्लेट घेतली, तर शॉटमागे तीन दिवसांत भागतं. एकूण १२०. दोनशे मनुष्य-दिवस वाचले ते सेटवरच्या पंधरा मिनिटांच्या बोलण्यामुळे. आकडे समजुतीसाठी घेतलेत, पण प्रमाण असंच असतं.

याचा अर्थ दिग्दर्शकाला हातातला कॅमेरा नाकारायचा असा अजिबात नाही. त्या दृश्यात जीव त्या हलण्यातच असेल तर प्रोड्युसरने म्हणावं, "हे सहा शॉट हातातच घेऊ, बाकीचे चौतीस तिवईवर." काय महाग आहे आणि का महाग आहे हे त्याला वेळेत कळलं की तो स्वतःच चांगली निवड करतो. म्हणून व्हीएफएक्सची माणसं लोकेशनच्या पाहणीपासून (रेकी) बरोबर हवीत. आपल्याकडे पुष्कळ निर्मिती त्यांना पॅक-अप झाल्यावर फोन करतात, त्याची मला फार चीड आहे.

आणि सेटवर डेटा रँगलर म्हणून काम करायची संधी मिळाली तर मुलीने सोडू नये. प्रत्येक टेकला लेन्स कोणती, कॅमेऱ्याची उंची, कोन, स्लेट नंबर लिहायचं. प्रकाश टिपायला क्रोमचा आणि राखाडी गोळा कॅमेऱ्यासमोर धरायचा, कलर चार्ट धरायचा, एचडीआरआय फोटो (गडद ते लख्ख असा प्रकाशाचा पूर्ण पल्ला टिपणारे) काढायचे. सूर्य मावळतोय, सहाय्यक दिग्दर्शक ओरडतोय, आणि तुम्हाला मधे दोन मिनिटं मागायची आहेत. ती दोन मिनिटं नम्रपणे पण ठामपणे मागता येणं ही पुढच्या प्रोड्युसरची पहिली परीक्षा. तुमच्या मुलीने युनिटं पाहिली आहेत, ती यात इतरांच्या पुढे असेल.

फोंडेकर नाटकवाला
मी सिनेमातला नाही. पण जत्रेच्या नाटकांचं व्यवस्थापन पाहत आलोय. देवळाच्या मंडपात पडदे वेळेवर, मेकअपवाला वेळेवर, मधेच मुख्य नट आजारी, आणि तरीही पालखी परतल्यावर तिसरी घंटा व्हायलाच हवी. ताईंचं लिखाण वाचून वाटलं, आपल्या गोव्यातल्या पोरांत हे अंगभूत आहे. त्याला असं पगारी, जगभर चालणारं करिअर असतं हे आजच कळलं. एक विचारतो, या प्रोड्युसर लोकांना मान मिळतो का? नाव येतं का कुठे?

मांडवीतीर
श्रेयनामावलीत येतं, आणि चित्रपटाकडच्या प्रोड्युसरचं तर बऱ्यापैकी वर येतं. ऑस्करचं म्हणाल तर व्हिज्युअल इफेक्ट्ससाठी एका चित्रपटामागे जास्तीत जास्त चौघांची नावं जातात आणि ती बहुतेक सुपरवायझरांची असतात. व्हिज्युअल इफेक्ट्स सोसायटीच्या पुरस्कारांत मात्र चित्रपटांच्या मुख्य विभागात प्रोड्युसरचं नाव सुपरवायझरच्या जोडीने असतं. ते मला योग्य वाटतं.

चित्रशाळा
मी आल्तिनोला कला महाविद्यालयात शिकते. मला आर्टिस्ट व्हायचंय, प्रोड्युसर नाही, तरी धागा चवीने वाचतेय. दोन प्रश्न. एक, प्रोड्युसरने न्यूक, हुडिनी वगैरे व्हीएफएक्सची सॉफ्टवेअर शिकायची का? दोन, एआयमुळे हे सगळंच बदलणार ना?

रोटोवाला
पहिल्याचं मी सांगतो. शिकलं तर आम्हाला आनंदच. न्यूकमध्ये एक साधा शॉट स्वतः हिरवा पडदा काढून, कम्पोझिट करून बघितलेला कोऑर्डिनेटर "अजून का झालं नाही" असं विचारत नाही, "कुठे अडलंय" असं विचारतो. पण तिला रोज लागेल ते एक्सेल आणि कुठला शॉट कुठवर आलाय याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. पूर्वी शॉटगन म्हणायचे, मग शॉटग्रिड झालं, २०२४ पासून फ्लो प्रॉडक्शन ट्रॅकिंग. जुनी माणसं अजून शॉटगनच म्हणतात. एफट्रॅकही चालतं.

दुसऱ्याबद्दल: रोटो आणि पुसापुशीच्या कामाचा वेग एआयने वाढतोय, हे मी रोज बघतो. आमच्यासारखे रोटोवरून चढत आले, ती पायरी अरुंद होतेय. याची मला खरीच चिंता आहे, कारण भारतातल्या हजारो मुलांनी तिथूनच सुरुवात केली. चित्रशाळा, तू चित्राची जाण पक्की कर. प्रकाश, परिप्रेक्ष्य, रंग. तेवढी शिदोरी असली की सॉफ्टवेअर कुठलंही येऊ दे.

मांडवीतीर
एआयबद्दल प्रोड्युसरच्या बाजूने एवढंच जोडते. साधन कोणतं वापरलं, ते कशावर शिकवलेलं आहे, चित्रपटाची दृश्यं कुठल्या सर्व्हरवर गेली, याची उत्तरं आता करारात मागतात. ती देणं प्रोड्युसरच्या गळ्यात येतं. काम कमी होण्यापेक्षा वेगळं होताना मला दिसतंय.

मंदीचं मात्र लपवणार नाही. २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक २ मेपासून आणि नट १४ जुलैपासून संपावर गेले, नोव्हेंबरपर्यंत घडी विस्कटली, आणि चित्रीकरणच थांबल्यावर काही महिन्यांनी व्हीएफएक्सचा ओघ आटला. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर या मोठ्या परदेशी व्हीएफएक्स समूहाचा डोलारा कोसळला तेव्हा बेंगळुरूतल्या हजारोंच्या नोकऱ्या एका झटक्यात गेल्या. साखळीकर, तुम्ही वाचलेल्या बातम्या खऱ्याच आहेत. परदेशी कामावरच अवलंबून असलेल्या स्टुडिओंना हा धोका नेहमी राहील. दुसरीकडे आपल्या भाषांतल्या चित्रपटांत आणि मालिकांत व्हीएफएक्स आता सगळीकडे आहे. कौटुंबिक चित्रपटातसुद्धा तारा पुसा, बोर्ड बदला, पावसाळ्याचं आभाळ आणा. पणजीच्या जुन्या फोंतेन्यात शूट करून बघा, प्रत्येक चौकटीत एसीचं यंत्र आणि उभ्या स्कूटर. हे न दिसणारं काम सांभाळणारे चांगले प्रोड्युसर आपल्याकडे कमी आहेत. माझा भरवसा त्या बाजूवर जास्त आहे.

साखळीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री मुलीला शेजारी बसवून पूर्ण धागा वाचून दाखवला. दोनशे दिवस वाचल्याचा हिशेब तिला फार आवडला, वहीत उतरवून घेतला. तिचे आणि माझे मिळून तीन प्रश्न राहिले. नोकरी स्वीकारण्याआधी स्टुडिओला काय विचारावं? रात्रपाळी असते का? आणि पुढेमागे गोव्यात राहून हे काम करता येईल का?

मांडवीतीर
विचारायला संकोच करू नका, चांगला स्टुडिओ उत्तरं देतो.

बाँड आहे का, असेल तर किती काळाचा आणि सोडल्यास काय. नेमणूक कायम की एका प्रोजेक्टपुरती. जादा तासांचा मोबदला पैशात, सुटीत, की काहीच नाही. एका कोऑर्डिनेटरकडे किती शॉट असतात. हा शेवटचा प्रश्न तिने नक्की विचारावा, त्यावरून त्या घरचं वळण कळतं. रात्री घरी सोडायला गाडी आहे का, हेही. मुंबईत नव्याने राहणाऱ्या मुलीसाठी ते बारीकसं नाही.

रात्रपाळीपेक्षा लांबलेल्या संध्याकाळी जास्त. लंडन आपल्यापेक्षा साडेचार ते साडेपाच तास मागे, त्यामुळे त्यांची दुपार म्हणजे आपली रात्र. व्हँकुव्हर तर बारा तासांहून जास्त मागे, तिथल्या कामाला पहाटे नाहीतर रात्री बोलावं लागतं. देशी कामात ही अडचण नाही, तिथे प्रदर्शनाच्या तारखेआधीचे आठवडे कठीण जातात.

गोव्यात राहून करण्याबद्दल: सुरुवातीची काही वर्षं स्टुडिओतच काढावीत. डेलीजमध्ये बसून, आर्टिस्टच्या मागे उभं राहून जे कळतं ते फोनवर कळत नाही. शिवाय प्रदर्शनाआधीची दृश्यं बाहेर जाऊ नयेत म्हणून सुरक्षेचे नियम कडक असतात, घरी बसून सगळं बघायची मुभा सगळीकडे मिळत नाही. अनुभव जमला, आपल्या शब्दाला वजन आलं, की बिडिंग आणि नियोजनाचं बरंच काम दुरून करता येतं. मी करते आहेच.

आणि दर नोव्हेंबरात तिने सुटी काढून घरी यावं. इफ्फी २००४ पासून इथेच आहे, आणि त्याला जोडून एनएफडीसीचा (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा) फिल्म बाजार २००७ पासून भरतो, २०२५ पासून त्याचं नाव वेव्ह्ज फिल्म बाजार. तिथल्या वर्क-इन-प्रोग्रेस विभागात अर्धवट संपादित चित्रपट येतात. छोट्या निर्मात्यांना तेव्हाच कळतं की पुसायचं, बदलायचं बरंच राहिलंय आणि पैसे थोडे आहेत. त्यांच्याशी नीट बोलणारा, खरा आकडा सांगणारा माणूस त्यांना हवाच असतो. आपल्या कोकणी आणि मराठी चित्रपटवाल्यांनाही.

जुनासेट
आणि मुंबईला जाण्याआधी पंधरा दिवस रिकामे असतील तर माझ्याकडे पाठवा. वास्कोच्या बाजूला एक काम लागतंय, त्यात व्हीएफएक्सचे शॉट आहेत. स्टुडिओकडून एक डेटा रँगलर येणार आहे, त्याच्या हाताखाली तिला लावतो. जेवणखाण, येण्याजाण्याची सोय युनिटची, रोजचा भत्ताही मिळेल.

साखळीकर
जुनासेट, देव बरे करो. तिची तयारी आहे. तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवतो. मुंबईच्या फोनवर ती शॉटच्या संख्येचा प्रश्न सगळ्यात आधी विचारणार आहे.

रोटोवाला
उत्तर काय मिळतं ते इथे लिहा काका. आकडा ऐकून मी सांगतो, जमण्यासारखा आहे की नाही.